चार पानांचा सौदा

बाईंनी मला फसवलं. मालाची खरी स्थिती लपवून माझ्याशी सौदा केला. भोपाळच्या कोलार रोडवर टाइल्सच्या पेट्या उचलण्यापासून स्वतःच्या दुकानापर्यंत पोचलेल्या मला तो सौदा तेव्हा फायद्याचा वाटला, हे सांगायलाही आज लाज वाटते.

आधी बाई कोण ते सांगतो. नेहरू नगरात एका रिटायर्ड इंजिनिअरसाहेबांच्या घरी आम्ही नऊ जण रविवारी दुपारी जमतो. जुनी मराठी पुस्तकं, नाटकं घेऊन, पात्रं वाटून, मोठ्याने वाचतो. ते रेकॉर्ड होतं आणि नेटवर कुणीही फुकट ऐकतं. लेखकाला जाऊन साठ वर्षं झालेली असली पाहिजेत, म्हणजे हक्कांची भानगड नाही. खिडक्यांना रजया टांगायच्या, पंखा बंद, फ्रिज बंद. भोपाळच्या मे महिन्यात करून बघा एकदा.

बाई सरकारी ऑफिसात टायपिस्ट होत्या. मूळच्या नागपूरच्या. वाचायला बसण्याआधी आवाज नको म्हणून बांगड्या उतरवून चष्म्याच्या डबीत ठेवायच्या आणि विचारायच्या, "चला, आज कोणाची दासी आहे जी मी?"

कारण त्या कायम दासीच असायच्या. साहेब पुण्याचे. त्यांना बाईंच्या बोलण्यात नागपूर ऐकू यायचं. "राणीच्या तोंडी हे बरं नाही वाटणार हो," असं म्हणायचे, तेही अगदी गोड. म्हणून बाई दासी, बाई द्वारपाल, एकदा तर बाई मोर. गर्दी हवी असली की सगळी गर्दी एकट्या बाई. सहा माणसं ओरडताहेत असं वाटायचं. त्यात एक खोकणारा म्हाताराही असायचा. मागच्या-मागच्या वर्षी तो म्हातारा जरा जास्तच खोकायला लागला. आम्ही दाद दिली. इतके आम्ही हुशार.

दर वर्षी दिवाळीच्या आधी पुस्तक निवडतो. ज्याने त्याने आपलं पुस्तक आणायचं, एक पान वाचून दाखवायचं, मग बाकीच्यांनी हात वर करायचे. आपल्या पुस्तकाला आपला हात चालत नाही. म्हणजे मतं मागावी लागतात, आणि मागणं हा तर माझा धंदाच आहे.

बाई दर वर्षी एकच नाटक आणायच्या. त्यात एक म्हातारी राजासमोर उभी राहून आपल्या मुलाचा जीव मागते. सलग चार पानं ती एकटीच बोलते. त्या म्हातारीच्या तोंडी गावाकडची भाषा आहे, त्यामुळे साहेबांनाही तिथे हरकत घेता आली नसती. पण हात दोन नाहीतर तीन यायचे. बाई पुस्तक पिशवीत घालायच्या. "राहू द्या. पुस्तक कुठं पळून नाही जात. मी पण नाही."

त्या वर्षी मी एक फार्स आणला होता. त्यात एक चिक्कू व्यापारी तीन अंक सगळ्यांवर ओरडत असतो. तो मलाच करायचा होता. मोजून पाहिलं तर चार हात पक्के होते, एक कमी पडत होता. चहाच्या वेळी बाईंना गॅलरीत गाठलं.

"बाई, यंदा तुमचा हात मला द्या. पुढच्या वर्षी माझा आणि माझ्या चारही जणांचा हात तुमच्या म्हातारीला."

"यंदाच वाचायचं होतं जी मला."

"या आवाजात? ऐका तरी स्वतःला. म्हातारी मुलाचा जीव मागतेय का घशाच्या गोळ्या मागतेय, कळणार नाही लोकांना. वर्षभर घसा सांभाळा, पुढच्या वर्षी खणखणीत वाचा."

तुम्ही दुकानांत पाहिलंच असेल. गिऱ्हाईक टाइल उचलतं, उन्हात धरतं, म्हणतं, कोपरा उडालाय, आता भाव सांगा. मी तेच केलं.

बाईंनी चहावर फुंकर घातली. मग म्हणाल्या, "सेठजी, तुम्ही कफनाच्या कपड्यावर पण डिस्काउंट मागाल." आणि हसल्या. "पक्कं?"

"जबान दिली."

"मग घ्या हात."

आत जाऊन त्यांनी हात वर केला. अर्धवट नाही, शाळेतल्या मुलीसारखा सरळ. माझा फार्स निवडला गेला. मी सगळ्यांना जलेबी खाऊ घातली.

दिवाळीनंतर बाई आल्या नाहीत. घशात गाठ होती. स्वरयंत्र काढून टाकलं. ऑपरेशनची तारीख आमच्या बैठकीच्या आधीच ठरलेली होती. साहेब डोकं धरून बसले. म्हणाले, "त्यांनी मला विचारलं होतं, पुस्तक निवडलं की एखादा प्रवेश आधी रेकॉर्ड करता येतो का? मी म्हणालो, येतो की, लगेच पुढच्या रविवारी. का विचारताहेत, ते मी नाही विचारलं."

बैठकीपासून ऑपरेशनपर्यंत तीन रविवार शिल्लक होते. तीन! चार पानांना एक पुरला असता. एका शब्दाने बोलल्या असत्या, तर माझा फार्स मीच खिडकीबाहेर फेकला असता.

पुढच्या वर्षी मी जबान पाळली. आठच्या आठ हात वर झाले. असं आमच्याकडे कधी झालेलं नाही. म्हातारी कोण वाचणार? बँकेत बदली होऊन आलेली एक मुलगी आहे, तिच्याकडे दिली. बाईंनी आपली झेरॉक्स तिच्या हातात ठेवली. श्वास कुठे घ्यायचा त्याच्या खुणा होत्या, वेगवेगळ्या वर्षांच्या, वेगवेगळ्या शाईच्या. मुलगी त्या खुणांवर थांबत थांबत वाचत गेली. चांगलं वाचलं तिने. बाई गळ्याला रुमाल बांधून रजई टांगलेल्या खिडकीशी बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते.

मी राजा होतो. चार पानं ऐकून घ्यायची आणि शेवटी एकच शब्द म्हणायचा, "नाही." तो मला तीनदा रेकॉर्ड करावा लागला.

जिन्यावर मी बाईंना अडवलं. राग आवरला नाही. "तारीख तुम्हाला माहीत होती ना?"

मान हलली. होती.

"मग हात कशाला वर केलात? मी तर बोलूनचालून व्यापारी! तुम्ही मला थोबाडात का नाही मारलीत?"

त्यांनी पर्समधून छोटी वही काढली, काहीतरी लिहिलं, पान फाडून माझ्या खिशात कोंबलं. खांदे हलत होते, म्हणजे हसत होत्या. लिहिलं होतं, "काहून ओरडून राहिले? पुढच्या वर्षी सांगते."

उन्हाळ्यात बाईंची लेक त्यांना नागपूरला घेऊन गेली. बाईंचं इथलं घर भाड्याने दिलं. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर नमस्कार येतो. विचारलं की हसरा चेहरा पाठवतात. यंदाची बैठक झाली. गर्दी लागणारं पुस्तक कुणीच आणलं नव्हतं.

तर बाई, वर्ष झालं आहे. तुमच्याकडे माल होता, गरज तुमची होती, वेळ तुमच्याकडे नव्हता, आणि तरी तुम्ही माझ्यासारख्याला जिंकू दिलंत. का, ते सांगा. मला जबाब हवा आहे. आणि लिहून पाठवलात तर मी तो वाचणार नाही.