वहीत न सापडलेलं ग्रहण

बाजाराचा दिवस होता. वडवणीतल्या माझ्या शिलाईच्या दुकानात दोन बायका ब्लाऊजसाठी खोळंबून बसल्या होत्या, मी अस्तर बेतत होते आणि दिगूकाकांच्या मुलाचा फोन आला. "ताई, काका गेले. सकाळी चहा घेतला, पंचांग उघडलं आणि..." वडलांना तोही काकाच म्हणायचा. मी शटर ओढायला लागले तर एक बाई म्हणाली, "कावून बंद करता वो ताई? माझं लगीन परवा हाय!" मी म्हटलं, "बाई, ज्यांच्यामुळं माझ्या हातात कात्री राहिली ते माणूस गेलं." तिला काय कळणार! महिना होत आला. आता जरा धड बसून लिहिता येतंय, म्हणून लिहिते.

दिगंबर जोशी म्हणजे आमच्या गावचे दिगूकाका. लग्नाची तिथी, बाळाची पत्रिका, घरभरणीचा मुहूर्त, सगळं त्यांच्या ओसरीवरून ठरायचं. त्यांच्या वडलांचंही तेच काम होतं. पण माणूस मोठा गमतीशीर. ग्रहण आलं की गेट बनवणाऱ्याकडून वेल्डिंगची काळी काच आणायचे आणि अंगणात उभे राहून सूर्य बघायचे. आम्हा नव्या सुनांना लिंबू आणि कंदील घेऊन सावली कशी पडते ते समजावायचे. आणि तासाभरानं तोच माणूस पंचांग मांडीवर घेऊन गरोदर बायांना वेध सांगायचा, चिरू नका, कापू नका, अंधारात पडून राहा! मी एकदा टोकलंच, "काका, एका तोंडानं दोन गोष्टी कशा बोलता?" ते हसले. "पोरी, सावलीला कोणी दक्षिणा देत नाही." मला तेव्हा त्यांचा रागच आला होता, खोटं कशाला सांगू.

माझ्या पहिल्या खेपेला सातवा चालू असताना सूर्यग्रहण लागलं. सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, मला आतल्या खोलीत निजवलं होतं. पण एका पोरीचा साखरपुडा दुसऱ्या दिवशी, तिचं कापड तसंच पडलेलं. मी हळूच उठले आणि बेतून टाकलं. कात्रीचा आवाज आत्याबाईंनी ऐकला. पुढं दोन महिन्यांनी पोरगी झाली आणि तिचा वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला होता. झालं! "म्या सांगितलंतं हिला. गिऱ्हानात कात्री धरली हिनं. लेकराचा व्हट आईनं कापला." हे वाक्य मी सव्वा महिना ऐकलं. पोरीला ओढून पिता येत नव्हतं, मी चमच्यानं दूध पाजायची आणि रडायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिन्यांची झाली की टाके घालून ओठ जुळवता येईल, अजिबात घाबरू नका. पण घरचे आधी मठात गेले. महाराज म्हणाले, ग्रहणानं लिहिलेलं डॉक्टरनं पुसायचं नाही. आधी शांती करा. आईनं देवळात सगळ्यांसमोर दोष कबूल करावा आणि कात्री देवाला वाहावी, जन्मात पुन्हा धरू नये. त्याशिवाय पोरीला सुरी लावाल तर पोरगी हातची जाईल! आमच्या घरात महाराजांच्या शब्दापुढं कोणाची टाप नव्हती. शांतीचं काम अर्थातच दिगूकाकांकडं आलं. ते म्हणाले, "दोन दिवस द्या."

तिसऱ्या दिवशी ते आले ते पूजेचं सामान न घेताच. काखेत धोतराच्या फडक्यात बांधलेल्या वह्या आणि जुन्या पंचांगांचा गठ्ठा. "या माझ्या आणि वडलांच्या वह्या," ते म्हणाले. "गावात जन्मलेलं प्रत्येक लेकरू यात आहे. ग्रहणानंतर झालेली सगळी पोरं मी काढली. त्यातल्या कितीतरी आया त्या वेळी रानात विळ्यानं कापणी करत होत्या, त्यांनीच मला सांगितलंय. त्यांच्या एकाही लेकराचा ओठ फाटला नाही. मग ओठ फाटलेली शोधली. ही पोर धरून चार. बाकी तिघांच्या वेळी आई पोटुशी असताना इथून ग्रहण दिसलंच नव्हतं."

आत्याबाई उसळल्या. "मंग तुमच्या वडलांनी मला सांगितलं ते काय लबाड व्हतं का?"

माझा नवरा म्हणाला, "काय सांगितलं, आई?"

आत्याबाई म्हणाल्या, "तुझ्या आदी एक पोरगं झालतं मला. त्येचाबी व्हट असाच व्हता. जोशीबुवाचे वडील म्हणले, गिऱ्हानात विळी धरली आसंल. मला काईच आठवंना. सतरा वर्साची व्हते मी... म्हणलं, धरली आसंल."

आमच्या घरात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. नवरा स्वतःला थोरला समजत आला होता. दिगूकाकांनी चष्मा काढला. "वहिनी, त्या तिघांतलं एक तुमचं आहे. म्हणूनच पहिल्या दिवशीच आलो नाही, धीर होत नव्हता. तुमच्या त्या खेपेत ग्रहणच नव्हतं. मी तीनदा बघितलं. वडलांनी पंचांग न उघडता सांगितलं. माझ्या वडलांचं चुकलं." आणि त्यांनी आत्याबाईंना हात जोडले.

"नक्की?" आत्याबाईंनी विचारलं.

"नक्की."

ती बाई अशी रडली, अशी रडली की शेजारच्या बाया धावत आल्या. सव्वा महिना मी तिला मनात शिव्या घातल्या होत्या. त्या दिवशी मीच तिला पोटाशी धरलं. बऱ्याच वेळानं डोळे पुसून तिनं विचारलं, "त्येचं नाव हाय का वहीत?" काका म्हणाले, "नुसतं पुत्र लिहिलंय." "बारसं झालंच न्हाई. नवव्या दिशी गेला. मी मनात किसन म्हणायची." काकांनी खिशातला पेन काढला आणि वडलांच्या अक्षराशेजारी 'किसन' लिहिलं. आत्याबाईंनी त्यावरून बोट फिरवलं, मग माझ्या नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "पोरीला दवाखान्यात न्यायचं. आन् कात्री कुटंबी वाह्याची न्हाई."

काका तिथून तडक मठात गेले आणि भर मंडपात हेच सांगून आले. महाराज कडाडले, "जोशाच्या पोटी जन्मून शास्त्र बुडवतोस?" त्यानंतर मठाची सगळी कामं दुसऱ्या गावच्या जोशांकडं गेली. बरीच यजमान घरंही तुटली. हे त्यांच्या बायकोनं मला फार उशिरा सांगितलं, त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. वेध विचारायला येणाऱ्याला ते पुढंही वेध सांगायचे, फक्त शेवटी म्हणायचे, "पोटुशी बाई असेल तर तिनं पोटभर खावं आणि हवं ते चिरावं." मी एकदा चिडून विचारलं होतं, "मग आधी इतकी वर्षं आम्हाला अंधारात का निजवलंत?" ते म्हणाले, "वही उघडून बघितलीच नव्हती, पोरी." एवढं सरळ कोण कबूल करतं! माझा राग तिथंच संपला. पोरीचं ऑपरेशन छान झालं, आता नोकरी करते आणि फोनवर माझं डोकं खाते. मीही रोज कापड बेतते, निर्धास्तपणे. माझ्या आयुष्यावर या माणसाचे केवढे उपकार आहेत!

गेल्या आठवड्यात म्हाताऱ्या माणसांची माहिती लिहून घ्यायला सरकारी दवाखान्याच्या आशाताई आल्या होत्या. आत्याबाईंना आता कमी ऐकू येतं. आशाताईंनी मोठ्यानं विचारलं, "आजी, लेकरं किती तुम्हाला?"

"सा."

नवरा म्हणाला, "आई, आम्ही पाच हाओत."

"किसन धरून सा."

आशाताईंनी लिहिता लिहिता विचारलं, "किसनदादा कुठं असतात?"

आत्याबाई म्हणाल्या, "जोशीबुवाच्या वहीत."