हजेरीला वाक्य मागणारे तायडे सर

पातूरच्या शाळेत मी आठवीत दाखल झाले, तेव्हा तायडे सर इंग्रजी शिकवत होते. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव पुकारलं आणि मी उभी राहून "यस सर" म्हटलं. सरांनी पेन उचललंच नाही.

"हे तं सारेच म्हन्तात," ते म्हणाले. "तुयं काय ते सांग."

मला काही उमगेना. शेजारची मुलगी हळूच म्हणाली, या महिन्यात 'हॅव' चालू आहे, हॅवचं एक वाक्य सांग, नाहीतर गैरहजेरी लागेल. नाकाला रुमाल लावून मी कसंबसं बोलले, "आय हॅव अ कोल्ड, सर." सरांनी माझ्या लाल नाकाकडे पाहिलं. "खरं दिसते. बस." अशी माझी हजेरी लागली आणि सरांची ओळख झाली.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी 'सरांची अध्यापनपद्धती' या विषयावर लिहावं, असा निरोप संपादक मंडळाकडून आला. मी अकोल्याच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. पद्धतीबद्दलचे भारदस्त शब्द सरांचे प्राध्यापक झालेले विद्यार्थी वापरतीलच, त्यांना ती हौसही आहे. मी आपलं डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगते.

सर एका महिन्याला एकच क्रियापद घेत. टेक, गिव्ह, गेट, मेक अशी रोजच्या वापरातली साधी क्रियापदं, पण हॅववर त्यांचा विशेष जीव. "आपल्याले भाऊ असते, अंगात ताप असते, च्या प्यायचा असते, वावरात जायचं असते," ते म्हणायचे, "इंग्रज मानूस हे सारं एकट्या हॅवच्या डोक्यावर देते अन् मोकळा होते." मग ते बैलाची कीव करावी तशी त्या शब्दाची कीव करायचे आणि वर्ग खदखदून हसायचा.

हजेरीच्या वाक्याला एकच अट होती. वाक्य खरं पाहिजे. व्याकरण चुकलं तर चालेल, खोटं चालणार नाही. एका मुलीने ऐटीत "वुई हॅव गेस्ट्स टुडे" सांगितलं, तर संध्याकाळी सर तिच्या दारात हजर! पाहुणे खरोखरच आले होते म्हणून ती वाचली, आणि सरांनाही चहा मिळाला. आम्हा वऱ्हाडी पोरांची एक हमखास चूक होती. 'करून राहिलो, येऊन राहिलो' असंच बोलायची सवय, त्यामुळे जो तो "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" म्हणायचा. सर विचारायचे, "काहून? भाऊ येऊन राहिले का जाऊन राहिले? घरीच आहेत ना? मंग हॅव म्हन!" रागावत मात्र नसत.

खरं बोलायला लावलं की घरचं बाहेर येतं. एकदा एक मुलगी खाली मान घालून म्हणाली, "आय हॅव नथिंग इन माय डबा." सर नेहमीच्याच आवाजात "वाक्य बरोबर आहे" म्हणाले आणि पुढचं नाव पुकारलं. त्यांच्या या कोरडेपणाचा मला तेव्हा भयंकर राग आला होता. दुसऱ्या दिवशी सरांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, भरून दिलेला चिवड्याचा मोठा डबा खिडकीत आला. नियम असा की "मे आय हॅव सम?" असं विचारून ज्याला पाहिजे त्याने घ्यावा. पहिला प्रश्न सरांनीच आम्हाला विचारला आणि पहिली मूठ स्वतः उचलली. त्यामुळे कोण भुकेने घेतं आणि कोण चवीने, हे आम्हाला कधीच कळलं नाही. तो डबा वर्षभर खिडकीत येत राहिला. एवढा नाजूक विचार एवढ्या रांगड्या बोलीच्या माणसाला कसा सुचला असेल, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

पुढे मी नर्सिंगला अमरावतीला गेले. आमच्या घरातून शिकायला बाहेर पडलेली मी पहिलीच. तिथे सगळी पुस्तकं इंग्रजी, शिकवणं इंग्रजी, आजारांची नावं तर हाताएवढी लांब. पहिल्या दोन्ही चाचण्यांत मी आपटले. बाई वर्गात म्हणाल्या, ज्यांना झेपत नाही त्यांनी जागा अडवू नये. मी बॅग भरली आणि आईला येते म्हणून कळवलं. घरी परतले असते तर वडिलांनी एक स्थळ बघून ठेवलेलंच होतं, आणि नर्स होण्याचं तिथेच संपलं असतं.

आईने काय केलं, तर ती सरांच्या घरी गेली. त्या रविवारी सर एसटी बदलत बदलत अमरावतीला आले. होस्टेलच्या आवारात लिंबाखाली बाक होता, त्यावर अंग टाकून म्हणाले, "मी पेशंट. विचार मले."

मी मराठीतून विचारलं. सर आकाशाकडे बघत राहिले. त्यांना मराठी येत नव्हती म्हणे! येणाऱ्याजाणाऱ्या मुली बघत होत्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. शेवटी रडतरडतच मी विचारू लागले, कुठे दुखतं, ताप आहे का, जेवण झालं का, आधी काही आजार होता का. सगळं हॅव वापरून. सर कण्हतकण्हत उत्तरं देत होते आणि कण्हणंही जरा जास्तच करत होते. मी चिडून म्हटलं, "सर, मला एवढंच येतं. पुस्तकातलं काहीच येत नाही."

सर उठून बसले. "पुस्तक होईन पाठ हळूहळू. नर्सले पेशंटले विचारता आलं पायजे, ते तुले येते. येत्या रविवारलोक राय. तरी वाटलं तं मी सोता घ्याले येतो."

मी रविवारपर्यंत राहिले ते सरांच्या शब्दासाठी. मन केव्हाच घरी गेलं होतं.

त्याच आठवड्यात, मी शिकाऊ म्हणून ड्यूटीवर होते त्या वॉर्डात एक ट्रकचालक आला. महामार्गावर गाडी उलटली होती आणि पाय मोडला होता. माणूस तमिळनाडूचा, मराठी नाही, हिंदीही नाही. बरोबरचा क्लीनर पोलिसांकडे गेलेला. पायाला आधार बांधून झाला, इंजेक्शन झालं, तरी त्याचं तळमळणं थांबेना. सगळे त्याच्याशी मोठमोठ्याने हिंदी बोलत होते, जणू आवाज वाढवला की भाषा कळते. मी पाण्याचा ग्लास हातात घेऊन बाजूला उभी होते. एकदम तोंडातून गेलं, "डू यू हॅव पेन?"

त्याने डोळे उघडले. "यस सिस्टर. आय हॅव पेन."

"व्हेअर डू यू हॅव पेन?"

तो पाय दाखवेल असं वाटलं होतं. त्याने हात उचलून डाव्या खांद्यावर ठेवला. मग तोच हात डाव्या बरगडीखाली पोटावर नेला. "हिअर. आय हॅव बिग पेन हिअर." खांद्याला तर खरचटलंही नव्हतं. मला त्याचा अर्थ कळला नाही, पण काहीतरी चुकतंय एवढं कळलं. मी इन्चार्ज सिस्टरांना सांगितलं, त्या धावतच डॉक्टरांकडे गेल्या. डाव्या बरगडीखालची प्लीहा फाटून पोटात रक्त साचत होतं आणि तेच दुखणं खांद्यात उमटत होतं. त्याला घाईने शस्त्रक्रियेला नेलं. नेताना त्याने माझं मनगट धरलं. "आय हॅव वाइफ, सिस्टर. आय हॅव टू टेल." त्याने सांगितलेल्या नंबरवर मी फोन लावला.

तो वाचला. सिस्टर मला म्हणाल्या, "तुनं कसं काय विचारलं वं त्याले?" संध्याकाळी खोलीवर जाऊन मी बॅगेतले कपडे काढून परत कपाटात लावले.

दिवाळीच्या सुट्टीत मी पातूरला सरांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, शाबासकी मिळेल. पण तो ट्रकचालक काय बोलला ते सरांनी पुन्हा सांगायला लावलं, मग आणखी एकदा. काकू चहा ठेवून गेल्या, तो निवून गेला.

मग सर म्हणाले, "शालू, जल्मात मी इंग्रजी बोलनाऱ्या मानसासंग बोललो नाही. मराठी येत नाही, हिंदी येत नाही, असा मानूसच मले कवा भेटला नाही. मायं सारं इंग्रजी याच फळ्यावरचं. इतके वर्सं मले भेव होतं, का मी पोरायले जे शिकवून राहिलो, ते बाहीर चालते का नाही चालत."

आणि सर रडले. माझ्यासमोर, उघडपणे, लहान मुलासारखे.

मी त्या दिवशी त्यांच्याकडे बघतच राहिले. पिढ्या घडवल्या वगैरे आपण सहज म्हणतो. पण खात्री नसताना, मनात एवढी भीती घेऊन, रोज सकाळी त्याच उत्साहाने वर्गात उभं राहणं म्हणजे काय असतं, ते मला त्या खोलीत दिसलं. मी पुष्कळ धीराची माणसं पाहिली, माझा धंदाच तो आहे. पण एवढा धीर दुसरीकडे पाहिला नाही.

सर, तुमची पंचाहत्तरी आम्ही सगळे मिळून साजरी करतो आहोत. बीपीची गोळी चुकवत जाऊ नका, मला काकूंकडून सगळं कळतं. गुडघे सांभाळा, सकाळचं चालणं सोडू नका. तुम्हाला निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभावं, असं आम्ही सर्व विद्यार्थी मनापासून मागतो, आणि त्यात आमचाही थोडा स्वार्थ आहे. आम्ही चौफेर पांगलो आहोत, कुणी दवाखान्यात, कुणी बँकेत, कुणी परमुलखात. कुणी ना कुणी रोज घरी येऊन तुम्हाला सांगणार आहे की चालते, सर, बाहेर सगळीकडे चालते. ते सगळ्यांचं ऐकून होईपर्यंत तरी तुम्हाला राहावंच लागेल.