रांगेत लावलेला जिल्हा

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, डॉक्टरांना नाही, आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच — ते आता नाहीत. या गोष्टीला चार वर्षं झाली. वाक्य ओठांपर्यंत येतं आणि मी चहा टाकायला उठते. आज चहा झालेला आहे. बसा. फक्त मध्येच 'जाऊ द्या हो वहिनी' म्हणू नका. ते ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

मी ग्रंथपाल होते — रत्नागिरीतल्याच एका शाळेत, चौतीस वर्षं. माझे यजमान त्याच शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांना मी जन्मभर नावानं हाक मारली नाही. 'अहो' म्हणत आले. इथं मात्र नाव घेते. श्रीधर. या कागदावर ते कुणाचे 'सर' नाहीत आणि 'कैलासवासी'ही नाहीत.

गेल्या वर्षी ते गेले. झोपेत, हृदय थांबून. शोकसभेत लोक चांगलंच बोलले. सर शेवटी शेवटी विसरायला लागले होते, वहिनींनी लहान मुलासारखं सांभाळलं, त्यांचा शब्दसंग्रहसुद्धा संगणकावर किती नीट लावून ठेवला! टाळ्या तेवढ्या वाजवायच्या राहिल्या. मी मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, रडते आहे. मी रडत नव्हते. मला राग आला होता — कुणाचा, ते पुढे कळेल.

निवृत्तीनंतर श्रीधर शब्द गोळा करायला लागले. जमिनीचे, भाताचे, मासळीचे, वाटांचे. सडा, वरकस, खाजण, पाखाडी. एसटीनं जायचे, कुणाच्या तरी ओटीवर बसायचे, म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचे. आपल्याकडचा शब्द गावापासून तोडला की अर्धा मरतो, असं त्यांचं म्हणणं. 'आगर' म्हटलं की एकाच्या डोळ्यांपुढे नारळी-पोफळी उभ्या राहतात, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे मिठाचे वाफे. म्हणून शब्द कुठला, हे आधी. अर्थ नंतर.

संगणक त्यांना मी शिकवला. हे मुद्दाम सांगते आहे. शाळेच्या ग्रंथालयात संगणक आला तेव्हा माझी पन्नाशी जवळ आली होती. पुस्तकांची यादी त्यावर चढवता चढवता मी शिकले — फाईल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय, कॉपी आणि कट यांत फरक काय. श्रीधर ते साठीनंतर माझ्याकडून शिकले. टाइप करायला शिकले, सेव्ह करायला शिकले, नवं फोल्डर काढायला शिकले. फोल्डरला ते 'पाकीट' म्हणायचे. एक गोष्ट मात्र शिकायला तयार नव्हते — पाकिटावर नाव घालायला. शंभरदा सांगितलं असेल, राइट क्लिक करा, रिनेम म्हणा, गावाचं नाव लिहा. नाही म्हणजे नाही. सगळी पाकिटं आपली 'न्यू फोल्डर'. न्यू फोल्डर दोन, न्यू फोल्डर तीन, असं करत पासष्टपर्यंत. आणि ती सगळी डेस्कटॉपवर, पडद्याभर विखुरलेली. कढईतून लाह्या उडाव्यात तशी.

जिला एखादं पुस्तक जागेवर दिसलं नाही तर घास उतरायचा नाही, तिच्या घरात हे. कळतंय ना तुम्हाला?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते मुलीकडे पुण्याला गेले, दहा दिवस. मी मागे राहिले — कुंपणाचा गडगा बांधायला माणसं यायची होती, काहीतरी निमित्त होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी संगणक लावला. पडद्यावर मोकळ्या जागी राइट क्लिक केलं. 'सॉर्ट बाय', मग 'नेम'. मग 'ऑटो अरेंज'वर टिक. एवढंच. पासष्ट पाकिटं डाव्या कडेपासून रांगांत उभी राहिली, प्रार्थनेला पोरं उभी राहतात तशी. मला बरं वाटलं. हेही लपवत नाही — फार बरं वाटलं.

ते परत आले. काळा चष्मा, रोज चार वेळा डोळ्यांत थेंब. आठवड्यानं संगणकापुढे बसायची परवानगी मिळाली. बसले. एक पाकीट उघडून बघितलं, मग दुसरं.

"अगो, हे मंडणगड इथं खाली कसं आलं?"

ती पाकिटं विखुरलेली नव्हती. तो जिल्हा होता. वर मंडणगड, तळाला राजापूर. डावी कड म्हणजे किनारा, उजवी कड म्हणजे घाट. पोफळी गाव अगदी उजव्या काठाला, गणपतीपुळे डावीकडे, मध्याच्या जरा खाली. भूगोलाच्या माणसानं पडद्यावर नकाशा मांडला होता. नाव कशाला घालायचं? जागा हेच नाव. पाकिटाच्या आत शब्द होते, अर्थ होते, म्हातारीनं सांगितलेलं वाक्य होतं. गावाचं नाव कुठेच नव्हतं, कारण गाव पडद्यावर होतं. गावात टिपून घेतलेल्या चिठ्ठ्या ते घरी येऊन टाइप केलं की फाडून टाकायचे. आणि मी तो नकाशा — नावानुसार लावला. ज्यांना नावच नव्हतं, ती गावं.

त्या क्षणी दोन शब्द पुरले असते. 'मी लावलं.' भांडण झालं असतं, दोन दिवस अबोला झाला असता, तिसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बसून सगळं पुन्हा मांडलं असतं. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "तुमच्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल, जायच्या आधी."

त्यांनी पाकिटं पुन्हा मांडायला घेतली. एकेक उघडायचे, शब्द वाचायचे, कुठला ते आठवायचे, माउसनं धरून त्याच्या जागी न्यायचे. सोडलं की पाकीट सरकून परत रांगेत. 'ऑटो अरेंज'ची टिक होती ना! ती काढायला मला एक क्षण लागला असता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते. एक दिवस नाही — तीन आठवडे. ते मंडणगड वर न्यायचे, मंडणगड खाली यायचं. पुन्हा न्यायचे. शेवटी त्यांना वाटायला लागलं, आपण नेलंच नसेल, नेल्याचा भास झाला असेल.

"डोळा नवा बसवला, पण डोकं जुनंच राहिलं गो," असं म्हणून एकदा हसले. नंतर हसणं थांबलं. मग आठवणंही अडखळायला लागलं. जागा बघून आठवणारा माणूस. जागाच गेल्यावर कशाच्या आधारानं आठवणार? 'हा शब्द दापोलीकडचा की गुहागरचा?' — मला विचारायचे. मला!

डॉक्टरांकडे नेण्याचा हट्ट त्यांचाच. डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. सगळं बरोबर आलं. पण यांचं आपलं तेच — नाही डॉक्टर, मी वस्तू एकीकडे ठेवतो आणि ती दुसरीकडे सापडते. डॉक्टरांनी वय बघितलं आणि गोळी लिहून दिली. शेजारच्या खुर्चीत मी होते. ती गोळी अडीच वर्षं रोज सकाळी मी त्यांच्या तळहातावर ठेवली, पाण्याच्या भांड्यासकट. शोकसभेत यालाच 'सांभाळलं' म्हणाले.

एसटीनं एकटं जाणं त्यांनी सोडलं. पुढे पुढे बाजारात जातानाही माझा दंड धरायला लागले — ज्या माणसानं अख्खा जिल्हा पायाखाली घातला होता तो. एक दिवस म्हणाले, "सुमन, ते शब्द तूच लाव आता. तुझ्या पद्धतीनं." मी लावले. पाकिटं फोडली, शब्द अ-आ-इ प्रमाणे नव्या फोल्डरांत घातले, रिकामी पाकिटं डिलीट केली आणि रिसायकल बिनही रिकामं केलं. संगणकानं विचारलं, नक्की? मी 'येस' दाबलं. या सगळ्या प्रकरणात मला 'नक्की?' असं विचारलं ते त्या यंत्रानंच.

आता तुम्ही मनात म्हणत असाल, बाईंना कुठं ठाऊक होतं? नीटनेटकेपणाच्या भरात झालं, मग घाबरल्या, मग सांगायचं राहून गेलं. असंच ना? वर मी लिहिलंच आहे तसं. 'विखुरलेली' काय, 'लाह्या' काय! चार वर्षं मी मलाही हेच वाचून दाखवते आहे.

मला ठाऊक होतं.

ऑपरेशनच्या महिनाभर आधी इथलेच दोघेतिघे जण घरी आले होते. शब्दांचं पुस्तक काढायची त्यांची इच्छा. श्रीधरनी त्यांना पडदा दाखवला, बोट फिरवून अख्खा जिल्हा समजावला. मी कोकम सरबताचा ट्रे घेऊन मागे उभी होते. सगळं ऐकलं. पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, "सर, पण नावं का नाही घातली?" श्रीधर म्हणाले, "ते खातं हिचं. पुस्तकाच्या पाठीवर नंबर चिकटवला की हिला पुस्तक वाचून झाल्यासारखं वाटतं." सगळे हसले. मीही हसले, ट्रे ठेवला, आत गेले.

चौतीस वर्षं. त्या ग्रंथालयातलं असं पुस्तक दाखवा, जे मी वाचलं नव्हतं. श्रीधरना वाचायला काय द्यायचं, ते मी ठरवायचे. हा शब्दांचा नादसुद्धा मी आणून दिलेल्या एका जाड कोशामुळे लागला त्यांना. आणि चार माणसांत — नंबर चिकटवणारी!

म्हणून त्या दुपारी मी राइट क्लिक केलं. काय करते आहे हे पुरतं कळून केलं. त्यांनी यावं, ओरडावं, 'कुणी केलं हे?' असं विचारावं — मग मी म्हणणार होते, मी केलं. आता घाला नावं, नंबर चिकटवणारी सांगते आहे म्हणून. वाक्य तयार होतं. पण त्यांनी विचारलंच नाही. माझ्यावर त्यांचा संशयच गेला नाही. तो त्यांनी स्वतःवर घेतला. तिथं मी भ्याले, आणि भ्यालेली ती भ्यालेलीच राहिले.

ते गेले म्हणून मी त्यांना देव करणार नाही. ते बोलले ते वाईट बोलले. आणि फोल्डरला नाव घालावंच. आजही कुणी विचारलं तर मी हेच शिकवीन. पण एका टोमण्याच्या बदल्यात मी माणसाचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास काढून घेतला. हे आणि ते एका मापाचं नाही, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. 'त्यांना खरंच थोडं विसरायला होत असेल हो' — हेही नको. असेल किंवा नसेल. सुरुवात माझ्या हातानं झाली.

मग आजच का सांगते? मुलीमुळे. मीनल माझी पंचेचाळीसची. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाली, "आई, स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये सापडली. बाबांचं आलंय बहुतेक माझ्यात." हसत म्हणाली. पण पुण्यातल्या कुठल्याशा डॉक्टरांची वेळ घेतली आहे तिनं, घरात बाबांना हा आजार होता असं सांगून. म्हणजे माझं खोटं आता तिच्या कागदपत्रांत चाललं आहे. ते मी जाऊ देणार नाही. ही पानं आधी तिला जातील. वाचून ती माझ्याशी बोलेल की नाही, ठाऊक नाही. बोलावं असं मी लिहिणार नाही.

त्यानंतर ती जातील पुस्तकवाल्यांकडे. पुस्तक निघतं आहे. परवा त्यांचा फोन आला होता.

"वहिनी, गावांचा रकाना रिकामा आहे. अंदाजानं भरू या ना? सरांचं नाव आहे, कोण तपासतंय?"

"भरायचा नाही."

"अहो, पानभर कोरा पट्टा दिसेल."

"दिसू दे. आणि 'संपादन' म्हणून माझं नाव घातलंय, ते काढा."

त्यांना वाटलं, दुःखानं हेकट झाले आहे. हेकट मी आधीपासूनच आहे. पुस्तकाच्या शेवटी घालायला त्यांनी माझ्याकडे दोन पानं मागितली होती — सरांच्या अखेरच्या आजारपणाविषयी. ती हीच. यातलं एक अक्षर गाळायचं नाही, मऊ करायचं नाही.

श्रीधरना आजार नव्हता. मी होते.