आबांचा अंगठा मी आणला नाही

"पुन्हा बोल," भाऊसाहेब म्हणाले. माझा बाप, आबा, पुन्हा बोलला.

"आंडेरले भेटाले उनू, साहेब."

आंडेर म्हणजे लेक. लेकीला भेटायला आलो, एवढंच तो म्हणत होता. भाऊसाहेबांच्या धुळ्यातल्या ओट्यावर, डोक्यावर शेंगांचं गाठोडं तसंच. खाली ठेव असं कुणी म्हणालं नाही. आत बैठकीत जळगावचे चार पाहुणे चहा पीत होते. भाऊसाहेब त्यांना म्हणाले, ऐका, या बोलीतूनच माझ्या कथांतले शेतकरी निघतात. आणि आबांना तिसऱ्यांदा बोलायला लावलं. पाहुणे हसले. दाराशी दौत-टाक घेऊन बसलेली मीही हसले. आबांनी माझ्याकडे पाहिलं, गाठोडं तिथंच ठेवलं आणि एस.टी.कडे चालू लागले.

मी हसले. हे आधी लिहून टाकते.

भाऊसाहेब मोठे लेखक. स्कूल बोर्डात त्यांचं वजन. शिंदखेड्याकडच्या आमच्या गावात सातवीची फायनल पास झालेली मी पहिलीच मुलगी, आणि धुळ्याच्या मुलींच्या शाळेत मला चिकटवलं ते त्यांनी. नोकरी कायम व्हायची होती. त्या बदल्यात रोज सकाळी दोन तास त्यांच्या घरी लेखनिकाचं काम. ते सांगत, मी लिहीत असे.

कथा तरी कसल्या! सगळी एकच. एक थोर माणूस, जगाला न कळलेला. शेवटी कुणी शेतकरी येऊन त्याच्या पायावर डोकं ठेवणार. त्या शेतकऱ्याला नाव नाही, भूक नाही, बायको नाही. त्याला फक्त पाय दिसतात. भाऊसाहेबांची बायको, आमच्या वहिनी, आतल्या खोलीत तापानं फणफणत होत्या, तेव्हा हा माणूस उशाशी बसून त्यांना नवी कथा वाचून दाखवत होता. ऐन शेवटाला वहिनी खोकल्या. तर आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही.

वाचकांची पत्रं येईनाशी झाली, तेव्हा ती मी लिहू लागले. हो, मी. कधी डाव्या हातानं, कधी जांभळ्या शाईनं. चाळीसगावचा मास्तर, जळगावचा वकील, एदलाबादची कुणी विधवा. त्या त्या गावी जाणाऱ्याच्या हाती द्यायची, म्हणजे पोस्टाचा शिक्का तिथला पडे. मजकूर भाऊसाहेबांनीच सांगितलेला. चार दिवसांनी पोस्टमन तेच पत्र घेऊन आला, की माणूस रडायचा. मला समोर बसवून वाचून दाखवायचा. बघ पोरी, म्हणायचा, लोक किती जीव लावतात. आधी मला वाटलं, सोंग आहे. नव्हतं. सोंग असतं तर मला एवढी भीती वाटली नसती.

मग त्यांची साठी आली. गौरवग्रंथ निघणार होता. त्यात एका अडाणी शेतकऱ्याचं पत्र हवं होतं, अंगठ्यासकट. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं: तुमची गोष्ट लेकीनं वाचून दाखवली, साहेब, आणि मला देव भेटला. खाली माझ्या बापाचं नाव. रविवारी गावी जाऊन अंगठा घेऊन ये म्हणाले, नोकरीचं मग बघू.

गेले. मी लाज सोडून गेले. आबा खळ्यात बाजरी उपणत होते. हात पुसून बसले, वाच म्हणाले. मी वाचलं. शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. मग विचारलं,

"तू हासनी व्हती, ते बी लिखेल शे का येम्हा?"

मी हसले होते, ते या पत्रात कुठे होतं! मला तोंड वर करवेना. आबांनी अंगठा पुढे केला. तुझी नोकरी टिकायला पाहिजे, म्हणाले, लाव शाई. भेगा पडलेला, कोंडा चिकटलेला अंगठा. शाईची डबी माझ्या पिशवीत होती. मी ती उघडली नाही.

सोमवारी ते पत्र तसंच भाऊसाहेबांपुढे ठेवलं. बैठकीत गौरव समितीचे लोक बसले होते. भाऊसाहेब चिडलेसुद्धा नाहीत.

"मग तुझा लाव," म्हणाले. "अंगठ्यावर काय नाव लिहिलेलं असतं?"

म्हणजे माझा बाप असला काय, नसला काय. मी असले काय, नसले काय. कुणाचा तरी अंगठा हवा होता, त्यांच्या पायाशी टेकवायला. माझं डोकंच फिरलं.

मी टाक उचलला. आबांच्या नावाखाली लिहिलं: हे पत्र या माणसाचं नाही. आधीची सगळी पत्रंही मीच लिहिली, भाऊसाहेबांनी सांगितली तशी. पूर्ण नावानं सही केली आणि समितीच्या लोकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. या खेपेला कुणी हसलं नाही. भाऊसाहेब त्यांना म्हणाले, हिला मी घडवली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. ते कुणासाठी, हे मला चांगलं माहीत होतं.

नोकरी गेली. ग्रंथ निघाला, शेतकऱ्याच्या पत्रासकट. गावाचं, माणसाचं नाव बदललेलं. अंगठा कुणाचा, ते मला माहीत नाही.

आता भाऊसाहेब वारले. त्यांची जुनी लेखनिक म्हणून स्मृतिग्रंथासाठी आठवणी लिहून द्या, असं समितीचं पत्र आलंय, आणि वर सूचना, की चांगलं तेवढंच लिहावं. या माझ्या आठवणी. मी त्यांना माफ केलेलं नाही, करणारही नाही. छापायच्या तर जशाच्या तशा छापा, नाहीतर शोकसभेत उभी राहून मी वाचेन. यातली एक ओळ गाळायची नाही. मी हसले होते, तीही नाही.