इंदूबाईंचं मागणं

इंदूबाई साळवे प्रार्थनेला बसल्या की खाली आम्हाला वाटतं, वर भांडण जुंपलंय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या सासूबाई, अन्नपूर्णाबाई, जिन्यातून ओरडल्या, "इंदूबाई, कोण आलंय? कुणाला एवढं सुनावताय?"

वरून उत्तर आलं, "कुणी नाही हो. प्रार्थना करतेय."

"देवाशी असं बोलतात?"

"मग आणखी कोण ऐकून घेतं?"



साळवे आमचे भाडेकरू. रत्नाकरराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते, मूळचे नगरकडचे. बदली होऊन बनारसला आले आणि निवृत्त झाल्यावर परत जायचं सोडून दूधविनायकच्या आमच्या गल्लीत राहायला आले. कारण विचारलं तर म्हणाले, "नगरात आता माझ्याशी वाद घालायला कुणी उरलं नाही." ख्रिस्ती भाडेकरू येणार म्हटल्यावर शेजारचे श्रीनिवासकाका अस्वस्थ झाले. ते घाटावर यजमानांची श्राद्धं करतात आणि उरलेल्या वेळात गल्लीचं सोवळं सांभाळतात. सासूबाईंना बाजूला घेऊन त्यांनी बराच वेळ समजावलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मराठी बोलतात ना? मग झालं. आमची मुलं तर आता शिव्याही हिंदीत देतात."

पहिल्या रविवारी इंदूबाई छानशी साडी नेसून निघाल्या आणि "देवळात जाऊन येते" म्हणाल्या. "कोणत्या?" सासूबाईंनी कौतुकाने विचारलं. "कँटोन्मेंटच्या," इंदूबाई म्हणाल्या. नगरकडे चर्चलाही देऊळ म्हणतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. श्रीनिवासकाकांना त्याचाही त्रास झाला.

रत्नाकररावांची जीभ हे आमच्या मोहल्ल्यातलं एक प्रेक्षणीय स्थळ होतं. श्रीनिवासकाकांचे संस्कृत उच्चार, चर्चच्या पाळकांचा लांबलचक उपदेश, माझा चहा, कुणाचीच सुटका नव्हती. इंदूबाईंच्या स्वयंपाकाची तर दोन्ही वेळा परीक्षा व्हायची आणि त्या दोन्ही वेळा नापास व्हायच्या. लग्न झाल्यापासून त्या हे ऐकत आल्या होत्या.

एका सकाळी दाढी करता करता रत्नाकरराव कोसळले. अर्ध्या गालाला साबण तसाच. गल्लीत गाडी येत नाही, म्हणून चौघांनी त्यांना खाटेवर घातलं आणि खाट खांद्यावर घेऊन सडकेकडे निघाले. पुढे इंदूबाई, मागे मी. आमच्या गल्ल्यांतून मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाकडे रोज माणसं अशीच जातात. त्यामुळे कचोरीवाल्याने झारा खाली ठेवून भक्तिभावाने हात जोडले आणि "राम नाम सत्य है" म्हटलं. रत्नाकररावांनी डोळे उघडून त्याच्याकडे असं पाहिलं की तो पातेल्याला अडखळला. काहीतरी जळजळीत बोलायला त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला, शब्द नाही.

जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. गल्लीला वाईट वाटलं, पण थोडं हायसंही वाटलं. श्रीनिवासकाका तर म्हणाले, "देवाने बरोब्बर जागेवर बोट ठेवलं."

मग चर्चचं प्रार्थनामंडळ आलं. त्याच्या प्रमुख कालिंदी पवार. यजमान बँकेत मोठ्या हुद्द्यावर. कालिंदीताईंच्या प्रार्थनांना लगेच उत्तर येतं. मुलाचा व्हिसा, सोसायटीतली पार्किंगची जागा, एकदा तर मिक्सरचं हरवलेलं झाकणसुद्धा. सुरुवातीला साळव्यांची खोली माणसांनी भरून गेली. डोळे मिटून, हात उंचावून सगळे मागायचे, मग डोळे उघडून सामोसे खायचे. रत्नाकरराव पलंगावरून पाहायचे. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते आम्हा सगळ्यांना नीट कळत होतं आणि ते त्यांना बोलता येत नाही याचं मला पहिल्यांदाच दुःख झालं.

पण रत्नाकरराव बोलेनात. मिक्सरचं झाकण याहून लवकर मिळालं होतं. मंडळाची माणसं कमी होऊ लागली. कुणाला गुडघ्यांमुळे जिना जमेना, कुणाकडे पाहुणे. शेवटी फोनवर जोडलेल्या हातांची चित्रं तेवढी यायची. आणि ज्यांनी मागणं सोडलं त्यांनी कारणं शोधायला घेतली.

"इंदूताई, रागावू नका हं," कालिंदीताई एकदा म्हणाल्या, "पण तुमचा विश्वासच कुठेतरी कमी पडतोय. शिवाय तुम्ही असं भांडून मागता, प्रभूला ते आवडत नाही."

"तुम्हाला सांगितलं त्याने?"

"तसं नाही. पण नम्रता हवी ना?"

"ज्याच्याकडून आशाच नाही त्याच्याशी कोण भांडेल?" इंदूबाई म्हणाल्या. "विश्वास नसता तर मी कधीच गप्प बसले असते. चहा घेणार?"

कालिंदीताईंनी चहा घेतला नाही. त्याच आठवड्यात श्रीनिवासकाका पंचांग घेऊन वर गेले आणि घरात कुणाचा तरी जुना दोष आहे, तो निघाल्याशिवाय वाचा येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. इंदूबाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "काका, तुमची आणि कालिंदीताईंची एकदा ओळख करून द्यायला हवी. तुमचं छान जमेल."

त्यांचा स्वतःचा क्रम चालूच होता. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, रोज वस्तू दाखवून नाव म्हणायला लावा, गाऊन घ्या, गाण्यातून कधीकधी शब्द येतो. इंदूबाई कप दाखवायच्या, चमचा दाखवायच्या, आपल्या बेसूर आवाजात चर्चमधली जुनी मराठी गाणी म्हणायच्या. नवरा नुसतं तोंड फिरवायचा. मग त्या खिडकीशी बसून देवाशी सुरू करायच्या. "ऐकतोस ना? काल सांगितलं तेच आज सांगतेय. उद्याही येणार आहे." पुण्याहून लेकीचा, अंतराचा फोन आला की त्या तो नवऱ्याच्या कानाला लावायच्या. पलीकडे अंतरा बोलायची आणि अलीकडे रत्नाकरराव नुसता श्वास घ्यायचे.

पावसाळा गेला, थंडी आली. एका संध्याकाळी इंदूबाई खाली आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. मी पोळ्या लाटत होते.

"आज मागितलं नाही," त्या म्हणाल्या. "तोंडातून शब्दच निघेना. नुसती बसून राहिले."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. तोही बसला असेल." त्यांनी माझ्या हातातलं लाटणं घेतलं आणि उरलेल्या पोळ्या लाटून दिल्या. दुसऱ्या दिवशी वरचा आवाज पुन्हा सुरू झाला, नेहमीपेक्षा जरा तिखटच.

होळीच्या आसपासची गोष्ट. दुपारी वरून भांडं पडल्याचा आवाज आला आणि इंदूबाई जिन्यात येऊन ओरडल्या, "बोलले! हे बोलले!"

आम्ही दोघी धावलो. "काय म्हणाले?"

"मीठ! वरणात मीठ नाही म्हणाले!" त्या रडत होत्या आणि हसतही होत्या.

"अहो, मग घाला ना पटकन!" सासूबाई म्हणाल्या.

इंदूबाईंनी पदराने डोळे पुसले. "डॉक्टरांनी बंद केलंय," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन त्याच वरणाचा दुसरा घास त्यांच्या तोंडाशी धरला. त्यावर रत्नाकररावांचा दुसरा शब्द आला. तो इथे लिहिता येणार नाही, पण अस्सल मराठी होता.

तिसरा शब्द "आमेन". इंदूबाईंची प्रार्थना लांबली की ते पलंगावरून "आमेन" म्हणून ती आटोपायला लावायचे.

बातमी मंडळापर्यंत पोहोचली तेव्हा तिचं रूप पालटलं होतं. कालिंदीताईंनी धरलेल्या उपवासामुळे साळव्यांना वाचा फुटली, असं सगळीकडे झालं. त्या सुमारास बाहेरगावचे एक प्रवचनकार यायचे होते. मोठा हॉल, ढोलक, कीबोर्ड, भिंतीएवढा पडदा. साळव्यांना चमत्काराची साक्ष द्यायला बोलावलं आणि मीही सोबत गेले.

प्रवचनकारांनी रत्नाकररावांच्या डोक्यावर हात ठेवला आणि हिंदीत प्रार्थना सुरू केली. ती काही संपेना. आवाज चढत गेला, कपाळावर घाम आला. त्यांनी जरा दम घ्यायला थांबावं आणि रत्नाकररावांनी खणखणीत म्हणावं, "आमेन!"

"आमेन!" सगळा हॉल म्हणाला. ढोलकवाल्याला वाटलं झालं, त्याने थाप मारली.

प्रवचनकार हसले आणि पुन्हा सुरू झाले. पुन्हा दम, पुन्हा "आमेन!" तिसऱ्यांदा मागच्या रांगा उठल्या आणि चपला शोधू लागल्या. प्रवचनकारांनी घाईने माइक इंदूबाईंपुढे धरला. "बहनजी, बताइए, चमत्कार किस दिन हुआ?"

"किस दिन?" इंदूबाई आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत म्हणाल्या. "रोज थोडा थोडा. अभी पूरा कहाँ हुआ? हाथ तो वैसा ही है. मैं माँग रही हूँ."

माइक लगेच परत घेतला गेला. कालिंदीताईंनी गाणं सुरू केलं.

आता रत्नाकररावांकडे मूठभर शब्द आहेत. वाक्य अजून जुळत नाही. अंतराचं नाव त्यांना एकदा फोनवर आलं, नंतर पुन्हा सापडलं नाही. हात लुळाच आहे. मी इंदूबाईंना विचारलं होतं, "एकही शब्द आला नसता तर?"

"तर मागत राहिले असते," त्या म्हणाल्या. "घरातलं माणूस लगेच ओ देत नाही म्हणून आपण त्याला हाक मारायचं सोडतो का?"

परवा त्या सासूबाईंना म्हणाल्या, "तुमच्या गुडघ्यांचंही घातलंय मी त्याच्या कानावर."

"मला न विचारता?"

"त्यात विचारायचं काय? उठताबसता विव्हळता तुम्ही."

सासूबाईंनी जरा विचार केला. "बरं. पण देवदिवाळीच्या आत करायला सांगा. मला दिवे लावायला घाटावर उतरायचंय."

"त्याला तारीख देता येत नाही हो."

"मग निदान डावा आधी करायला सांगा," सासूबाई म्हणाल्या, "तो जास्त दुखतो."