पानिपतचा दुसरा दिवस

आमच्या घरात पानिपत रोज व्हायचं. दूध उतू गेलं, लोणच्याची बरणी फुटली, मॅच हरली, की आई म्हणायचीच, "झालं पानिपत." गंमत अशी की खरं पानिपत आमच्या गाझियाबादच्या फ्लॅटपासून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याइतकं जवळ होतं, आणि दर संक्रांतीच्या सुमारास आमचं मराठी मंडळ बस करून तिथे जायचंही. आपण जिथे हरलो तिथे डबे बांधून जाणारी माणसं मी तरी दुसरी पाहिलेली नाहीत. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. अकरावीत मात्र वाटलं, कारण त्या वर्षी मी स्वतःच हरून बसले होते.

मी सायन्स घेतलं होतं. घेतलं म्हणजे मला दिलं गेलं होतं. ते दिवसच तसे होते. आमच्याभोवती नव्या सोसायट्या उठत होत्या, घरोघरी केबल आली होती, आणि दर दुसऱ्या खांबावर कम्प्युटर क्लासची पाटी होती. सल्ल्यांना तर काही तोटाच नव्हता. बाबा केंद्र सरकारच्या ऑफिसात होते. त्यांना दिल्लीला नेणाऱ्या चार्टर्ड बसमधल्या सगळ्यांना माझं भविष्य माझ्याआधी ठाऊक होतं. समोरच्या आंटी जिन्यात गाठून सांगायच्या की आता इंजिनिअरिंगशिवाय गत्यंतर नाही. मला काय जमतं, एवढा एक विषय सोडून माझ्याबद्दल सगळं बोलून झालं होतं. सहामाहीत मी फिजिक्स आणि गणित दोन्हींत आपटले. शनिवारी वर्गशिक्षिकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुला सायन्स झेपत नाहीये, आर्ट्सला जायचं तर अकरावी पुन्हा करावी लागेल, सोमवारी वडिलांना घेऊन ये.

मधल्या रविवारी मंडळाची बस होती. म्हणजे बाबांना सांगायला माझ्याकडे तेवढा एकच दिवस होता, आणि तो पानिपतात जाणार होता.

धुक्यात बस रांगत होती. पुढच्या सीटवरून मंडळाचे सेक्रेटरी काका वळले आणि बाबांना म्हणाले, लेक इंजिनिअर होणार ना? बाबा "बिल्कुल" म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे असं काही कौतुकाने पाहिलं की मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मला भीती वाटत होतीच, पण खरं सांगायचं तर रागही आला होता. नापास मी झाले होते, पण त्या "बिल्कुल"मध्ये मला कुणी विचारलं होतं?

पानिपतच्या रणांगणावर, काला अंबला पोचलो तेव्हा ऊन नुकतंच वर येत होतं. तिथे तेव्हा फार काही नव्हतं. एक स्मारकाचा खांब, भोवती कठडा, आणि पलीकडे मोहरीची पिवळी शेतं. काकांचं भाषण झालं. तोफा, धूळ, हत्तीवरून उतरणं, मग पळापळ. काकांचा आवाज भरून आला, आणि तिथेच लढाई संपली. दर वर्षी तिथेच संपायची. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आलं की, आणि मग? जे मेले नाहीत, ते दुसऱ्या दिवशी सकाळी उठले असतील ना? त्यांनी काय केलं?

मला राहवेना. मी जाऊन काकांनाच विचारलं. ते म्हणाले, दुसऱ्या दिवशी उरलंच होतं कोण? हे काही खरं नव्हतं. सगळेच मेले असते तर ही हकिगत घरी कुणी नेली? पण काका तोवर तिळगुळाच्या डब्यांकडे वळले होते.

मग मी यूपीएससीची तयारी करायला दिल्लीत आलेल्या, लातूरकडच्या एका दादाला गाठलं. तो पाठ केल्यासारखा म्हणाला की दहा वर्षांनी मराठे पुन्हा दिल्लीत आले, उत्तराच्या शेवटी हे वाक्य टाकायचंच असतं. छान. पण दहा वर्षं घेऊन मी काय करू? माझ्यापुढे सोमवार होता. आता मी शाळेत मुलांशी बोलायचंच काम करते, पोरं आपापली पानिपतं घेऊन माझ्याकडे येतात, आणि मोठी माणसं अजूनही त्यांना दहा वर्षांनंतरचंच सांगत असतात असं मला दिसतं. तेही खोटं नसतं. पण पोराला उद्या सकाळचं हवं असतं.

जेवायला आम्ही शेताच्या कडेला सतरंजी अंथरली. आई हळदीकुंकवाच्या घोळक्यात होती. बाबा गुळपोळीवर तूप घालत होते. ते फारसं बोलणारे नव्हते, इतिहासावर तर नाहीच. तरी मी विचारलं.

"बाबा, हरल्यावर दुसऱ्या दिवशी काय केलं असेल त्यांनी?"

त्यांनी थोडा विचार केला. "जेवले असतील," ते म्हणाले. "उपाशी होते गं ते. लढाईच्या आधीपासूनच उपाशी. जे भरतपूरपर्यंत पोचले, त्यांना तिथल्या जाट राजाने ठेवून घेतलं. खायला घातलं, अंगावर कपडे दिले, मग घरी धाडलं."

"का हरलात, असं नाही विचारलं?"

"विचारलं असेल की. पण जेवण झाल्यावर."

असं म्हणून त्यांनी पोळी माझ्या हातात दिली. आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं.

"बाबा, मी दोन विषयांत नापास झालेय. उद्या तुम्हाला शाळेत बोलावलंय. सायन्स सोडावं लागेल. वर्ष जाईल माझं."

बाबांचा हात तुपाच्या वाटीवर थांबला. मी ती पोळी तशीच डब्यात ठेवून दिली. परतीच्या बसमध्ये गाण्याच्या भेंड्या रंगल्या होत्या आणि आम्ही दोघं शेजारी मुके बसलो होतो. इतका वेळ पळून जाणाऱ्यांबद्दल विचारत होते, आता मलाच कुठे पळावं ते कळेना. घरी आल्यावर मी डोकं दुखतंय म्हणून न जेवता झोपले. बाबा आईशी हळू आवाजात बोलत होते ते ऐकू येत होतं, पण शब्द कळत नव्हते.

सकाळी चार्टर्डच्या हॉर्नने जाग आली. ती बस बाबांनी तापातसुद्धा चुकवल्याचं मला आठवत नव्हतं. मी धावत बाहेर आले तर बाबा मफलर गुंडाळून स्वयंपाकघराच्या दारात शांत उभे होते. खाली पुन्हा हॉर्न वाजला, आणि मग बस निघून गेली.

"बाबा, तुमची बस."

"जाऊ दे. आपल्याला शाळेत जायचंय." त्यांनी पोह्यांची ताटली माझ्यापुढे सरकवली. "रात्रीपासून उपाशी आहेस. आधी खा."

मी खाली मान घालून खाल्लं. बाबा समोर बसून होते. का नापास झालीस, हे त्यांनी विचारलंच. पण माझी ताटली रिकामी झाल्यावर.