शिवाजीनगरच्या सभेत पेटीवाले काका रुसले

ज्योतीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. ज्योती म्हणजे माझी लेक, बेंगळुरूला मारतहळ्ळीत राहते, नवरा-बायको दोघंही कंप्युटरच्या कंपनीत. म्हणाली, "आई, इथे शिवाजीनगरला रविवारी दुपारी मराठी प्रार्थनासभा भरते. पंधरा दिवस ये आणि तुझं कीर्तन कर." मेथी तशीच राहिली, चिपळ्या पिशवीत गेल्या. आमच्या नगरकडे ख्रिस्ती कीर्तन नवं नाही. मला सासऱ्यांनी शिकवलं. चिपळ्या, पेटी सगळं तेच, गोष्ट तेवढी प्रभूची. माझी शाळा चौथीत सुटली, म्हणून इथलं शुद्धलेखन नातीचं आणि गप्पा माझ्या.

कुणाला जायचं असेल तर सांगते. नगरहून संध्याकाळची गाडी घ्यावी, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचते. म्हाताऱ्यांची सवलत बंद झालीय, तिकीट पूर्ण पडतं. खालचा बर्थ आधीच मागून घ्या. मी मागितला नव्हता, मग एका मुलाला अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी देऊन वर पाठवलं. कँटोन्मेंट स्टेशनला उतरा, शिवाजीनगर तिथून जवळ. मारतहळ्ळी मात्र जवळ नाही. मी ज्योतीच्या गाडीत दोनदा झोपले, दोनदा उठले, आणि दोन्ही वेळा आम्ही त्याच पुलाखाली होतो.

बसचं एक सांगायचं राहील. तिथे बायकांना बस फुकट आहे, पण आधार कार्ड तिथलं लागतं. मी माझं दाखवलं. कंडक्टर म्हणाला, "अज्जी, इदु महाराष्ट्र." मी म्हटलं, फोटो तर माझाच आहे ना. हसला, आणि तिकीट फाडलं.

पहिल्या रविवारी सभेआधी ज्योतीने चौ चौ भात खायला घातला. नावात भात आहे, ताटलीत उपमा आणि शिरा शेजारी शेजारी. तिखट आधी की गोड आधी यावर आम्हा मायलेकींचं वाजलं. त्यात उशीर झाला.

सभा एका जुन्या इमारतीत, जिना चढून. शांतवनकाका दारात किल्ली घेऊन उभे. विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, तरुणपणी सोलापूरकडून आलेले, आता निम्मं कानडी बोलतात. ही सभा त्यांनीच आपल्या घरी बैठकीच्या खोलीत सुरू केली, मग इथे आणली. खोली तेच उघडायचे, पेटी तेच वाजवायचे, संदेशही तेच कागदावरून वाचायचे. सगळे त्यांना काका म्हणतात. मला ते अक्का म्हणाले, मी त्यांना भाऊ म्हटलं. "आज संदेश तुमचा, अक्का," म्हणून स्वतः पेटीवर बसले. हात फार गोड.

मी पौल आणि बर्णबाची गोष्ट लावली. दोघे प्रभूची सुवार्ता सांगत चालत चालत पिसिदियातल्या अंत्युखिया गावी येतात. शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी त्यांच्या सभास्थानात मागे जाऊन बसतात, आपण लग्नात ओळख नसली की बसतो तसे. वडीलधारे निरोप धाडतात की पाहुणे, काही चार शब्द असतील तर बोला. पौल उठतो आणि मिसर देशापासून सुरू करून वधस्तंभापर्यंत आणि उघड्या कबरेपर्यंत आणून सोडतो. लोक दारात अडवून म्हणतात, पुढच्या शब्बाथी हेच पुन्हा सांगा.

तिथे मी थांबले. कीर्तन कुठे तोडायचं हे सासऱ्यांनी नीट शिकवलेलं. पण जीभ कुणी शिकवली नाही. वर मी म्हणाले, "पुढच्या रविवारी या. सगळं गाव लोटलं तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं ते सांगते."

लोक काकांसमोरच मला विचारू लागले, मावशीला आणू का, शेजाऱ्यांना आणू का. आणि बुधवारी ज्योतीच्या फोनवर काकांचा निरोप आला. रविवारी पेटी मिळणार नाही.

"आई, तू काय बोललीस त्यांना?" ज्योती म्हणाली.

"मी? मी तर पौलाबद्दल बोलले."

गुरुवारी एकटी बसने काकांच्या घरी गेले. काकांच्या बायकोने दार उघडलं. "सलाम ताई, या. रविवारपासून पेटी पुसतायत. आता तिच्यात बघून मी भांग पाडते."

काका पेटीवरून हात काढेनात. "अक्का, इतकी वर्षं मी संदेश वाचतोय. दहा-बारा डोकी येतात. त्यात दोन झोपतात, एक ही."

"मी डोळे मिटून ऐकते," बायको म्हणाली.

"बघा. पुढच्या रविवारी काय आहे, असं मला आजवर कुणी विचारलं नाही. तुम्हाला एका दिवसात विचारलं. आणि आता तुम्ही भरल्या सभेत सांगणार, पोटात कुणाच्या दुखलं. सगळे माझ्याकडेच बघतील. सरी, चालेल. बघू देत. मी येत नाही. या रविवारी नाही, नंतरही नाही. किल्ली ज्योतीकडे देतो."

कॉफी चांगली होती, पण मी अर्धीच ठेवून उठले. काकांनी किल्ली टाकली तर खोली उघडणार कोण? ज्योतीला रविवारीही ऑफिसचे फोन येतात. माझ्या एका कीर्तनापायी सभा मोडणार होती.

परतताना बस अडकली ती अडकलीच, आणि मला विचार करायला भरपूर वेळ मिळाला. अंत्युखियातले, पौलाच्या गर्दीचा हेवा करणारे वडीलधारे मी नेहमी गाल फुगवून दाखवते, लोक खदखदून हसतात. पण ते सभास्थान होतं कुणाचं? दर शब्बाथी दार कोण उघडत होतं, दिवा कोण लावत होतं? आणि परक्या पौलाला "बोला" कोण म्हणालं? तेच की. त्यांनी बोलावलं नसतं तर पौल मागच्या बाकावरच बसून राहिला असता. मग आठ दिवसांत गर्दी झाली, ती पाहुण्यासाठी. दुखणारच. प्रभूने त्यांना घराबाहेर ठेवलं नव्हतं, घर मोठं केलं होतं. त्यांना वाटलं, आपली जागा गेली.

रविवारी ज्योतीच्या इमारतीतली पुण्याची मंडळीही आली, म्हणाली आम्हाला कीर्तन आवडतं, देव कुणाचा का असेना. खोली भरली, जिन्यात माणसं उभी. किल्ली काकांच्या बायकोने आणून दिली होती. पेटीही तिनेच नवऱ्याला न विचारता रिक्षात घालून आणलेली, पण वाजवणारा नाही म्हणून कापडाखाली झाकलेली. मी चिपळ्यांवर सुरू केलं, आणि घाबरून सूर असा वर धरला की माझं मलाच ऐकवेना.

गर्दी पाहून वडीलधाऱ्यांना हेवा वाटला, ते पौलाला आडवं बोलू लागले, इथवर मी आले. सगळ्या माना पेटीकडे वळल्या. मी गाल फुगवले नाहीत. बसमध्ये सुचलं ते सगळं सांगितलं, दार कुणी उघडलं, बोला कुणी म्हटलं. कुणी हसलं नाही. मग पद घेतलं, आणि दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला.

"अक्का, स्वल्प खाली या. दोन पट्ट्या."

जिन्यातून आवाज. काका माणसांतून वाट काढत आले, कापड बाजूला केलं, भाता उघडला आणि सूर दिला. "अर्धा तास जिन्यात ऐकतोय," पुटपुटले, "हे काही सहन होण्यासारखं नाही."

मग काय सांगू. पुढची गोष्ट आम्ही दोघांनी मिळून नेली. पौल म्हणतो, हा प्रकाश सगळ्या राष्ट्रांसाठी आहे. त्या दोघांना गावाबाहेर काढतात, ते पायाची धूळ झटकून पुढच्या गावाला लागतात, आणि मागे राहिलेले शिष्य आनंदाने भरून जातात. त्या आनंदाला काकांनी पेटीवर अशी काही जागा घेतली की मी चिपळ्या विसरले.

नंतर चहाला मी म्हटलं, "भाऊ, पुढच्या गावात काय झालं ते आता तुम्ही सांगा. कागद घरी ठेवून."

"कागदाशिवाय मला जमत नाही."

"भांडताना कुठे लागतो कागद," त्यांची बायको म्हणाली.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. बेंगळुरूची हवा छान, इडल्या कापसासारख्या, रस्ते देवाच्या हवाली. परवा काकांचा फोन आला.

"अक्का, कागद नेला नव्हता. लोक हसले. शेवटी एक पोरगी विचारत होती, पुढच्या रविवारी काय आहे."

"प्रभूची स्तुती असो, भाऊ."

"ज्योती म्हणाली, तुमच्या वेळेपेक्षा जास्त माणसं होती. मी काही मोजली नाहीत."

"छान झालं," मी म्हटलं, आणि बरगडीखाली काहीतरी टोचलं. काय टोचलं ते मला ताबडतोब कळलं. स्वयंपाकघरात एकटीच हसले. मग गॅस बंद करून प्रार्थनेला बसले. काकांसाठी करायची होती, पण आधी स्वतःसाठी केली, कारण निकड तिथे जास्त होती.